शेतीशाळा आणि चाळीस एकर

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात, राजधानी ऑल्बनीपासून जवळच, ग्राफ्टनच्या डोंगराळ भागात सोल फायर फार्म नावाचे एक शेत आहे. लिआ पेनिमन आणि त्यांचे पती जोना व्हिटाले-वुल्फ मुलांना घेऊन ऑल्बनीच्या दक्षिण भागातल्या वस्तीत राहत होते, तेव्हा ताजी भाजी मिळवणे ही त्यांची रोजची अडचण होती, कारण त्या वस्तीत भाजीपाल्याचे धड दुकान नव्हते. शेतीचे काम दोघांनाही येत होते. त्यांनी डोंगरातली उताराची, निकृष्ट जमीन घेतली, ती कष्टाने सुधारली आणि २०१० पासून तिथला भाजीपाला अशा वस्त्यांमधल्या घरांपर्यंत पोहोचवायला सुरुवात केली. पुढे या शेतावर निवासी शेतीशाळा भरू लागल्या. माती ओळखणे, गादीवाफे करणे, रोपे तयार करणे, कोंबड्या सांभाळणे, आच्छादन टाकणे, शेतमालाचा हिशेब ठेवणे असे सगळे शिक्षण तिथे मिळते. त्या जोडीने आपल्या आजी-पणजीच्या पिढीकडून जमीन कशी गेली, हा इतिहासही शिकवला जातो. या शेतीशाळा मुख्यतः कृष्णवर्णीय, मूलनिवासी, लॅटिन अमेरिकी आणि इतर गौरेतर लोकांसाठी चालवल्या जातात. आज अमेरिकेत असे उपक्रम अनेक ठिकाणी आहेत. डेट्रॉइटमध्ये रूज पार्कच्या सात एकरांवर कृष्णवर्णीयांच्या संघटनेने उभे केलेले डी-टाऊन फार्म आहे, मिनेसोटात व्हिएतनाम युद्धानंतर निर्वासित होऊन आलेल्या, आग्नेय आशियातल्या ह्मोंग जमातीच्या कुटुंबांच्या संघटनेचे शेत आहे, आणि दक्षिणेत १९६७ मध्ये स्थापन झालेला सहकारी संस्थांचा महासंघ अलाबामातल्या एप्स या गावी आपले प्रशिक्षण केंद्र चालवतो.

या उपक्रमांवर एक आक्षेप सतत घेतला जातो, आणि तो अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांतूनही मी ऐकला आहे. मातीला माणसाचा रंग दिसत नाही, मग शेतीशाळेने तो का पाहावा, असा तो आक्षेप आहे. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने आपल्या योजनांमधून वंश आणि लिंग यांवर आधारलेला 'सामाजिकदृष्ट्या वंचित शेतकरी' हा वर्ग वापरणे बंद करत असल्याचे जाहीर केले. त्यामुळे घरगुती चर्चेतला हा आक्षेप आता सरकारी धोरण झाला आहे. माझे मत असे आहे की या शेतीशाळा न्याय्य आहेत आणि आवश्यकही आहेत. मात्र त्यांचे समर्थन करणाऱ्यांनीही एक गोष्ट स्वतःशी स्पष्ट केली पाहिजे. ज्या शेतीशाळेच्या शेवटी जमीन, कर्ज आणि मालकीचा कागद यांपैकी काहीच हाती येत नाही, ती शेतीशाळा अन्यायाची जाणीव देऊ शकते, पण अन्नन्याय, म्हणजे अन्न पिकवण्याचा आणि मिळवण्याचा समान हक्क, देऊ शकत नाही.

मराठी वाचकाने हा विषय परका मानू नये, याला एक जुने कारण आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेले 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केले, कारण त्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त केले होते. पुण्यात बसून शूद्रातिशूद्रांच्या दास्याचा विचार करणाऱ्या माणसाला अटलांटिकपलीकडची ती घटना आपली वाटली. पण मुक्त झालेल्या सुमारे ४० लाख माणसांना जमीन मिळाली नव्हती. १६ जानेवारी १८६५ रोजी यादवी युद्धातल्या उत्तरेच्या सैन्याचे जनरल शर्मन यांनी साउथ कॅरोलायना, जॉर्जिया आणि फ्लोरिडा यांच्या किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात मुक्त गुलामांच्या प्रत्येक कुटुंबाला चाळीस एकरांपर्यंत जमीन देण्याचा हुकूम काढला होता. काही महिन्यांतच सुमारे ४० हजार माणसे त्या जमिनीवर वसली आणि त्यांनी पेरणीही केली. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी ती जमीन जुन्या मळेवाल्यांना परत करण्याचे धोरण घेतले. ज्यांनी वाफे केले होते त्यांना एकतर उठावे लागले, नाहीतर जुन्याच मालकाशी करार करून राबावे लागले. दक्षिणेत पुढे जी बटाईची पद्धत रुजली, तिच्यात बियाणे, अवजारे आणि किराणा मालकाच्याच दुकानातून उधार यायचे, आणि हंगामाच्या शेवटी हिशेब मालकाच्याच वहीत व्हायचा. कुणब्याचे कर्ज आणि कागदांवरची फसवणूक यांविषयी 'गुलामगिरी'नंतर दहा वर्षांनी जोतीराव ज्या पोटतिडकीने लिहिणार होते, त्याच स्वरूपाची ती नाडवणूक होती.

एवढे होऊनही त्या माणसांनी जमीन कमावली, हे मला या इतिहासातले सर्वांत विलक्षण प्रकरण वाटते. १९१० च्या सुमारास कृष्णवर्णीयांकडे जवळपास १ कोटी ६० लाख एकर जमीन होती. १९२० च्या शेती गणनेत सव्वानऊ लाखांच्या आसपास कृष्णवर्णीय शेतकरी नोंदले गेले, म्हणजे देशातला दर सातवा शेतकरी कृष्णवर्णीय होता. २०१७ च्या गणनेत ही संख्या ४८,६९७ होती, आणि एकूण शेतकऱ्यांतले त्यांचे प्रमाण दीड टक्क्याहूनही कमी होते. या शंभर वर्षांत गोऱ्या शेतकऱ्यांची संख्याही घटली, ट्रॅक्टर आले, कापसावर बोंडे पोखरणारे भुंगेरे आले, आणि लाखो कुटुंबे उत्तरेकडच्या कारखान्यांत गेली, हे खरे आहे. पण एवढी तीव्र घसरण यंत्रांमुळे आणि किडींमुळे होत नाही. ती घडवून आणणाऱ्या यंत्रणेला नावे आणि तारखा आहेत, आणि त्या पाहिल्यावर वेगळ्या शेतीशाळांची गरज आपोआप समजते.

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले आहे. शाळकरी मुलांनी त्यांचे मराठी चरित्र वाचून भुईमुगाची आणि रताळ्याची गोष्ट पाठ केली आहे. पण कार्व्हर यांच्या कामाचा जो भाग आज आपल्या प्रश्नाशी सर्वांत जवळचा आहे, त्याची आठवण आपल्याकडे क्वचित निघते. १८९६ मध्ये अलाबामातल्या टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेत आल्यावर त्यांच्या लक्षात आले की ज्या शेतकऱ्याला शिकण्याची सर्वांत जास्त गरज आहे, तो संस्थेच्या दारापर्यंत येऊ शकत नाही, कारण त्याचा दिवस मालकाच्या कापसात जातो. म्हणून १९०६ मध्ये त्यांनी एक गाडी तयार करवून घेतली. नांगर, बियाणे, दुधाचे साहित्य आणि मातीचे नमुने घेऊन ती जनावरांनी ओढलेली गाडी खेड्याखेड्यांत जाऊ लागली. तिच्यासाठी पैसा देणाऱ्या न्यूयॉर्कच्या मॉरिस जेसप यांच्यावरून तिला जेसप वॅगन म्हणत. त्याच वर्षी टस्कीगीचे थॉमस कॅम्बेल हे कृषी खात्याचे पहिले कृष्णवर्णीय विस्तार अधिकारी झाले आणि त्यांनी ती फिरती शाळा चालवली. सलग कापसाने रोडावलेल्या रानात चवळी आणि भुईमूग घेतल्यावर पुढच्या पिकाला कसा बेवड मिळतो, हे शेतकऱ्याला त्याच्याच बांधावर दाखवले जात होते. आज ग्राफ्टनमध्ये किंवा डेट्रॉइटमध्ये जे चालते, त्याचा उगम या गाडीत आहे.

यानंतर आठ वर्षांनी, १९१४ मध्ये, अमेरिकी संसदेने स्मिथ-लिव्हर कायदा करून कृषी विस्तारासाठी देशभर सरकारी पैसा उपलब्ध केला. मात्र दक्षिणेतल्या ज्या राज्यांत गोऱ्यांचे आणि कृष्णवर्णीयांचे अशी दोन स्वतंत्र कृषी महाविद्यालये होती, तिथे पैसा कोणाकडे द्यायचा हे राज्याच्या विधिमंडळाने ठरवायचे होते. त्या विधिमंडळांत कृष्णवर्णीयांना मतच नव्हते, त्यामुळे निर्णय काय होणार हे आधीच ठरलेले होते. हा भेद फार जुना झाला असे कोणी म्हणू नये. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या कृषिमंत्र्यांनी आणि शिक्षणमंत्र्यांनी सोळा राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रे पाठवून कळवले की गेल्या सुमारे तीस वर्षांत त्यांच्या राज्यांनी कृष्णवर्णीयांच्या या कृषी विद्यापीठांना मिळून १२ अब्ज डॉलरहून अधिक निधी कमी दिला आहे. शेतीचे ज्ञान कोणाला द्यायचे हे ठरवणाऱ्या यंत्रणेने रंग पाहिला आहे, आणि तो शंभर वर्षांहून अधिक काळ पाहिला आहे. तेव्हा ते ज्ञान परत मिळवण्यासाठी भरलेल्या शेतीशाळेला 'तू रंग का पाहतेस' असे विचारणे मला अन्याय्य वाटते.

कर्जाचा भाग याहून कठोर आहे. कृषी खात्याच्या योजना गावपातळीवर राबवताना काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग, तिथल्या समित्यांच्या शब्दाला मोठे वजन होते. या समित्या स्थानिक शेतकऱ्यांनी निवडलेल्या असत आणि दक्षिणेत त्यांवर जवळजवळ सगळे गोरे जमीनदार असत. पीककर्ज ही काळाशी बांधलेली गोष्ट आहे, हे ज्याने खरिपाच्या तोंडावर सोसायटीच्या दारात उभे राहून पाहिले आहे त्याला सांगावे लागत नाही. मंजूर झालेले कर्ज पेरणी उलटल्यावर हातात पडले, तर ते नाकारल्यासारखेच असते. कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या तक्रारींत हाच प्रकार पुन्हा पुन्हा येतो. कर्ज उशिरा मिळणे, कमी मिळणे, खात्यातून स्वतःचा पैसा काढायला अधिकाऱ्याची सही लागणे, आणि हप्ता चुकला की लिलाव होणे. १९८३ मध्ये खात्यातली अशा तक्रारींची चौकशी करणारी यंत्रणाच मोडीत काढण्यात आली. नॉर्थ कॅरोलायनातले शेतकरी टिमथी पिगफोर्ड यांनी १९९७ मध्ये कृषी खात्यावर खटला भरला, आणि १९९९ मध्ये न्यायाधीश पॉल फ्रिडमन यांनी त्यातल्या तडजोडीला मान्यता दिली. त्यांच्या निकालपत्राची सुरुवात मुक्त गुलामांना दिलेल्या चाळीस एकर आणि एका खेचराच्या जुन्या वचनाने होते. पंधरा हजारांहून अधिक शेतकऱ्यांना भरपाई मिळाली, बहुतेकांना प्रत्येकी ५० हजार डॉलर. ही रक्कम लहान नाही, पण तेवढ्यात गेलेले शेत परत विकत घेता येत नाही.

अन्न हे हत्यार म्हणून कसे वापरले जाते, हे मिसिसिपीत १९६२ च्या हिवाळ्यात दिसले. लफ्लोर काउंटीत कृष्णवर्णीय माणसे मतदार म्हणून नाव नोंदवायला जाऊ लागली, तेव्हा काउंटीच्या कारभाऱ्यांनी केंद्र सरकारकडून येणारे शिधावाटप बंद केले. कापूस वेचणीचा हंगाम संपलेला, मजुरी नाही, आणि पीठ-तांदळाचा तो शिधाच हजारो घरांचा हिवाळ्यातला आधार होता. शेजारच्या सनफ्लॉवर काउंटीत त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फॅनी लू हेमर मतदार नोंदणीसाठी गेल्या आणि ज्या मळ्यावर त्यांनी अठरा वर्षे काम केले होते तिथून त्यांना त्याच रात्री बाहेर पडावे लागले. बटाईने राबणाऱ्या आईबापांच्या वीस मुलांतल्या त्या सर्वांत धाकट्या. ज्याच्या घरात खायला नाही त्याला मत कसे द्यायचे हे दुसरा कोणी सांगू शकतो, हा धडा त्यांना कोणत्याही पुस्तकातून घ्यावा लागला नाही.

म्हणून १९६९ मध्ये हेमर यांनी चाळीस एकर घेऊन फ्रीडम फार्म ही सहकारी शेती सुरू केली. घेवडा, पालेभाज्या आणि मका पिकवून तो गरजू घरांना द्यायचा आणि काही रानात कापूस-सोयाबीन घेऊन जमिनीचा हप्ता भागवायचा, असा बेत होता. कृष्णवर्णीय महिलांच्या राष्ट्रीय परिषदेच्या मदतीने त्यांनी डुकरांची एक पेढी काढली. एका कुटुंबाला एक मादी द्यायची, तिने पिल्ले घातली की दोन पिल्ले पेढीला परत करायची, बाकीची घराची. या व्यवहारात व्याज नाही, तारण नाही, आणि तरीही भांडवल वाढत जाते. कागदावर हे अगदी साधे दिसते, पण कर्ज नाकारलेल्या समाजाने कर्जाची व्यवस्था नव्याने कशी रचली, याचे इतके नेमके उदाहरण मला दुसरे आढळलेले नाही. शेती वाढत वाढत ६८० एकरांपर्यंत गेली. मग पूर आले, दुष्काळ आला, देणग्या आटल्या, हेमर आजारी पडल्या, आणि हप्ते थकून सत्तरीच्या दशकाच्या मध्यास जमीन हातची गेली. १९७७ मध्ये हेमर वारल्या. तिथल्या माणसांना शेती येत नव्हती असे कोणीही म्हणू शकत नाही. कमतरता होती ती वाईट वर्षात तग धरू देणाऱ्या कर्जाची.

यावरून मी आजच्या शेतीशाळांकडे येतो. त्यांच्यात दोन गोष्टी घडतात, ज्या सरकारी मेळाव्यात घडू शकत नाहीत. पहिली म्हणजे, शेतीविषयी मनात बसलेली लाज निघून जाते. ज्यांच्या घरात शेती म्हणजे गुलामी आणि बटाई एवढीच आठवण आहे, त्या घरातल्या तरुण मुलीला वाफ्यात हात घालताना आपण मागे जात आहोत असे वाटते. शेतीशाळेत तिला समजते की कॅरोलायनाच्या दलदलीतली भातशेती पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांच्या कसबावर उभी राहिली. इथे मराठी वाचकाने क्षणभर आपल्या ताटाकडे पाहावे. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि चवळी ही चारही पिके मुळात आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांनी रानटी गवता-वेलींतून निवडून माणसाळवली आणि काही हजार वर्षांपूर्वी ती आपल्याकडे पोहोचली. आपली भाकरी त्यांच्या ज्ञानाची आहे. त्या शेतकऱ्यांच्या वंशजांना शेती शिकण्यासाठी स्वतःची जागा हवी असेल, तर निदान आपण तरी तिला विशेष सवलत म्हणू नये.

दुसरी गोष्ट जागेचीच आहे. माझ्या लहानपणी गावात कृषी अधिकारी आले की सभा पारावर व्हायची, ज्यांच्या नावावर जमीन होती ती माणसे पुढे बसायची, आणि ज्या बायकांनी खुरपणी करून प्रत्येक तणाची ओळख मिळवली होती त्या घरी असायच्या. बी कोणते ठेवायचे हे माझी आजी ठरवत असे, पण त्या सभेत तिला कोणी कधी बोलावले नाही, आणि बोलावले असते तरी ती बोलली नसती. सर्वांसाठी खुली असलेली सभा प्रत्यक्षात कोणासाठी खुली असते, हे मी तिथे शिकलो. पुढे जिथे फक्त बायकांचे गट बसले, तिथे त्याच बायका तासन्‌तास बोलताना मी पाहिल्या. ग्राफ्टनच्या शेतीशाळेत गोऱ्या माणसाविरुद्ध काही शिजत नसते. ज्यांना आजवर मागे बसावे लागले त्यांना आठवडाभर पुढे बसता येते, एवढेच तिथे घडते, आणि त्या आठवड्याचे मोल मोठे आहे.

इथवर मी या शेतीशाळांच्या बाजूने बोललो. आता त्यांच्या मर्यादेविषयी बोलणे भाग आहे. शहरांतल्या गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांना 'अन्नाचे वाळवंट' म्हणण्याची पद्धत पडली, तेव्हा ब्राँक्समध्ये अनेक वर्षे सामुदायिक बागा उभारणाऱ्या कॅरन वॉशिंग्टन यांनी त्या शब्दाला हरकत घेतली. वाळवंट निसर्गाने होते, ही परिस्थिती माणसांनी केलेली आहे, म्हणून त्या तिला 'अन्नाचा वर्णभेद' म्हणतात. १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने रंगवून तिथे घरकर्ज धोक्याचे ठरवले गेले, नंतर गोरी कुटुंबे आणि त्यांच्यामागून मोठी दुकाने उपनगरांत गेली. परिस्थिती अशी केली गेली असेल, तर तिच्यावरचा उपाय म्हणून त्याच वस्तीतल्या बायकांना टोमॅटो लावायला शिकवणे पुरेसे कसे होईल? अनेक प्रतिष्ठाने आणि महापालिका शेतीशाळेसाठी आनंदाने पैसा देतात आणि जमिनीचा विषय निघाला की गप्प होतात, ही मला या चळवळीपुढची खरी अडचण वाटते. शिकवणे स्वस्त असते, आणि ते केल्याचे समाधानही मिळते.

लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागात १९९२ च्या दंगलीनंतर चौदा एकर मोकळ्या जागेवर शेती सुरू झाली. मुख्यतः मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेली सुमारे ३५० कुटुंबे तिथे आपापल्या तुकड्यात मका, निवडुंग आणि औषधी पाला पिकवत होती, आणि या कुटुंबांना शेती शिकवायला कोणाचीही गरज नव्हती. जागा मात्र त्यांची नव्हती. महापालिकेने ती जुन्या मालकाला विकली, आणि जून २००६ मध्ये पोलिसांनी शेतकऱ्यांना बाहेर काढल्यावर उभ्या पिकांवर बुलडोझर फिरला. न्यूयॉर्कमध्ये १९९९ साली शंभरहून अधिक सामुदायिक बागा लिलावात निघाल्या होत्या. स्वयंसेवी संस्थांनी ऐनवेळी पैसा उभा करून त्या विकत घेतल्या म्हणून वाचल्या. दोन्ही ठिकाणच्या माणसांची मेहनत आणि कौशल्य सारखेच होते. शेवट वेगळा झाला तो मालकीच्या कागदामुळे.

या कागदाचा सर्वांत क्लेशकारक प्रकार दक्षिणेत दिसतो आणि तो मराठी माणसाला समजावून सांगणे सोपे आहे. सातबाऱ्यावर पणजोबाचेच नाव राहिले, वारसनोंद झाली नाही, आणि चार पिढ्यांत जमीन पन्नास जणांच्या सामाईकीत आली, तर काय होते हे आपल्याला ठाऊक आहे. वकील आणि न्यायालय ही दोन्ही गोऱ्यांची म्हणून अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांनी मृत्युपत्रे केली नाहीत. तिथल्या कायद्याने त्यातला एखादा दूरच्या शहरात राहणारा वारस आपला हिस्सा परक्याला विकू शकत असे, आणि तो परका न्यायालयात वाटपाचा दावा लावून सगळीच जमीन लिलावात काढू शकत असे. समुद्रकिनाऱ्यावरच्या कित्येक जमिनी अशाच गेल्या आणि तिथे विश्रांतीगृहे उभी राहिली. शिवाय मालकी स्पष्ट नसल्याने कृषी खात्याचे कर्ज आणि आपत्तीची मदतही मिळत नसे. २०१० मध्ये एक नमुना कायदा तयार झाला, ज्यानुसार अशा विक्रीआधी बाकीच्या वारसांना तो हिस्सा योग्य किमतीत घेण्याची संधी द्यावी लागते, आणि त्यानंतर अनेक राज्यांनी तो स्वीकारला. २०१८ च्या शेती कायद्याने वारसांना इतर कागदांच्या आधारे शेताची नोंद करण्याची वाट मोकळी केली. माझ्या मते गौरेतर शेतकऱ्यांच्या प्रत्येक शेतीशाळेत कंपोस्टच्या तासाआधी वारसनोंदीचा तास असला पाहिजे, आणि तो वकिलाने घेतला पाहिजे.

आता मूळ आक्षेपातला जो भाग विचार करण्यासारखा आहे, त्याकडे वळतो. सरकारी पैसा वंश पाहून वाटावा का? २०२१ मध्ये अमेरिकी संसदेने गौरेतर शेतकऱ्यांचे सरकारी कर्ज माफ करण्यासाठी सुमारे ४ अब्ज डॉलरची तरतूद केली. गोऱ्या शेतकऱ्यांनी खटले भरले, न्यायालयांनी अंमलबजावणी थांबवली, आणि २०२२ मध्ये ती तरतूद रद्द झाली. तिच्या जागी वंशाचा उल्लेख न करता कृषी खात्याच्या कर्जव्यवहारात ज्यांच्याशी भेदभाव झाला त्यांना मदत देण्याची योजना आली, आणि जुलै २०२४ मध्ये ४३ हजारांहून अधिक लोकांना मिळून सुमारे २ अब्ज डॉलर दिले गेले. मला ही दुसरी रचना अधिक टिकाऊ वाटते. झालेला अन्याय सिद्ध करून त्याची भरपाई मागणे हे न्यायालयात उभे राहू शकते, आणि अन्याय झालेल्या गोऱ्या विधवेलाही तिथे दार उघडे असते. पण भरपाई मागायची तर आधी तक्रार लिहावी लागते, कागद जपावे लागतात, मुदत पाळावी लागते. पिगफोर्ड खटल्यात हजारो शेतकऱ्यांचे अर्ज मुदतीनंतर आले म्हणून त्यांच्यासाठी पुन्हा वेगळा कायदा करावा लागला होता. हे शिक्षण शेतकऱ्याच्या स्वतःच्या संघटनेतच मिळू शकते. केवळ गरिबी हा निकष लावला तर प्रश्न सुटेल, असे सुचवणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की जमीन गमावलेला माणूस शेतकऱ्यांच्या यादीतच उरत नाही, मग त्याची गरिबी कोण मोजणार?

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांना हा वाद दुसऱ्याचा वाटतो, याचे मला वाईट वाटते. कॅलिफोर्नियाच्या १९१३ च्या कायद्याने नागरिक होण्यास अपात्र ठरवलेल्या आशियाई लोकांना शेतजमीन घेण्यास बंदी केली, आणि भारतीयांना नागरिकत्वास अपात्र ठरवणाऱ्या १९२३ च्या भगतसिंग थिंड खटल्यानंतर तेही त्या बंदीत अडकले. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे त्या काळात ओरेगनमध्ये शेती शिकत होते आणि गदर चळवळ उभी करत होते. पुढे ते मेक्सिकोत चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवू लागले आणि १९२० च्या दशकात त्यांनी गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा काढल्या. मेक्सिको सिटीतल्या शिक्षण खात्याच्या इमारतीत दिएगो रिवेरा यांनी रंगवलेल्या भित्तिचित्रात, भाकरी वाटून खाणाऱ्यांच्या पंगतीच्या मध्यभागी खानखोजे बसलेले आहेत. त्यांच्या शाळांविषयी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मेक्सिकोत तेव्हा क्रांतीनंतर मोठ्या जमीनदाऱ्या फोडून गावांना जमिनी दिल्या जात होत्या, म्हणजे शाळेमागे जमीन होती. आणि आज हजारो मराठी घरे न्यू जर्सीत आणि कॅलिफोर्नियात सुखाने नांदतात ती ज्या १९६५ च्या स्थलांतर कायद्यामुळे, तो कायदा हेमर यांच्यासारख्यांनी लढवलेल्या नागरी हक्कांच्या चळवळीच्या लाटेतच मंजूर झाला.

जमिनीचे कोडे सोडवण्याचा जो मार्ग मला सर्वांत आश्वासक वाटतो, त्याचाही एक धागा वर्ध्याजवळच्या पवनारला पोहोचतो. १९६९ मध्ये चार्ल्स आणि शर्ली शेरॉड व त्यांच्या सहकाऱ्यांनी जॉर्जियातल्या ली काउंटीत न्यू कम्युनिटीज नावाने ५,७०० एकरांच्या आसपास जमीन एका सामुदायिक न्यासाच्या नावावर घेतली. या कल्पनेला आकार देणारे रॉबर्ट स्वान हे विनोबांच्या ग्रामदानाने प्रभावित झाले होते. जमीन सगळ्यांच्या नावावर, वहिवाट कुटुंबाची, आणि विक्री कोणालाच करता येणार नाही, अशी ती रचना होती. सामाईक जमीन परक्याच्या दाव्याने लिलावात जाण्याचा धोका तिने मुळातच काढून टाकला. तरीही ती शेती बुडाली, कारण दुष्काळात मागितलेले सरकारी आपत्कालीन कर्ज तीन वर्षे अडवून ठेवले गेले आणि १९८५ मध्ये जमीन जप्त झाली. चोवीस वर्षांनी, २००९ मध्ये, पिगफोर्ड प्रकरणातच न्यू कम्युनिटीजला सुमारे १ कोटी २० लाख डॉलरची भरपाई मंजूर झाली.

त्या पैशातून त्यांनी २०११ मध्ये ऑल्बनीजवळ १,६३८ एकर विकत घेतले. हे ऑल्बनी जॉर्जियातले, न्यूयॉर्कमधले नव्हे. ती जमीन गुलामांच्या श्रमावर चाललेला एक मोठा मळा होती आणि मळेवाल्याचा वाडाही तिथे उभा आहे. आता तिथे शेतकऱ्यांची प्रशिक्षणे होतात. न्यासाने तिथे पेकन या अक्रोडासारख्या कवचफळाच्या बागा सांभाळल्या आहेत. पेकनचे झाड लावल्यावर धड उत्पन्न यायला सात-आठ वर्षे लागतात आणि एकदा धरले की ते दोन-तीन पिढ्यांना पुरते. भाडेपट्टा वर्षावर्षाने वाढवून घ्यावा लागणाऱ्या जागेत कोणी पेकन लावत नाही.